चाळीतली पोरं आणि रक्तपिशाच: शहरी फँटसीची मालिका लिहायची पद्धत, पहिल्या अफवेपासून

२३ सप्टेंबर १९५४. स्कॉटलंडमधलं ग्लासगो शहर, त्यातला गॉर्बल्स नावाचा कामगारवस्तीचा भाग. तिथल्या सदर्न नेक्रोपोलिस या जुन्या दफनभूमीत काहीतरी गडबड चाललीय म्हणून पोलिसांना बोलावणं गेलं. अ‍ॅलेक्स डीप्रोज नावाचा कॉन्स्टेबल तिथे पोचला तर समोर पोरंच पोरं, शेकड्यांनी. चार वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची. कुणाच्या हातात चाकू, कुणाच्या हातात टोक काढलेली काठी. काय चाललंय विचारलं तर सांगितलं की इथे सात फूट उंच, लोखंडी दातांचा व्हॅम्पायर राहतो, त्याने दोन मुलांना मारून खाल्लंय आणि आम्ही त्याला शोधतोय. तशी दोन मुलं हरवल्याची नोंद कुठेच नव्हती. शेवटी जवळच्या शाळेच्या हेडमास्तरांनी दटावून सगळ्यांना घरी पाठवलं, पण पोरं पुढच्या दोन रात्रीही आलीच.

तरुण व्हॅम्पायर शिकाऱ्यांची मालिका लिहायचीय असं कुणी म्हटलं की मी आधी हा प्रसंग सांगते, कारण आपल्याला जे जे लागतं ते सगळं यात आहे. गॉर्बल्समध्ये माणसं दाटीवाटीने खोल्यांमध्ये राहायची, दफनभूमीच्या मागे लोखंडाचा कारखाना होता, त्याच्या भट्ट्यांनी रात्रीचं आभाळ लाल व्हायचं आणि धूर थडग्यांवरून सरकायचा. मोठ्यांनी लगेच अमेरिकन भयकथांच्या कॉमिक्सवर खापर फोडलं आणि १९५५ला ब्रिटनमध्ये लहान मुलांसाठी घातक छापील मजकुरावर बंदी घालणारा कायदाच झाला. पण नंतर शोधणाऱ्यांना लोखंडी दात कॉमिकमध्ये सापडले नाहीत, ते सापडले बायबलात दानीएलच्या सातव्या अध्यायात आणि शाळेत शिकवल्या जाणाऱ्या एका जुन्या स्कॉटिश कवितेत. म्हणजे पोरांनी आपला राक्षस बाहेरून आणलाच नव्हता, जे घरात, शाळेत आणि खिडकीतून दिसत होतं त्यातनंच त्यांनी तो तयार केला होता.

मराठीत आपण नेमकं इथेच चुकतो. काळा कोट, किल्ला, लॅटिन मंत्र, क्रॉस हे सगळं उचलून आणतो आणि पुण्याच्या किंवा ठाण्याच्या पोराच्या हातात देतो, आणि मग ते पोर आपलं वाटत नाही. तर खाली जी पद्धत सांगतेय ती याच्या उलट बाजूने जाते. उदाहरण म्हणून मी गिरणगाव घेतलंय, लालबाग-परळ-शिवडीचा पट्टा, कारण तो मला गॉर्बल्सच्या फार जवळचा वाटतो, तशाच धुराच्या चिमण्या, तशाच एका खोलीतली आठ-आठ माणसं, आणि नंतर तसेच टॉवर. तुम्ही तुमचं गाव घ्या.

पहिलं काम: अफवा गोळा करा

वही घ्या आणि आठवडाभर फक्त ऐका. रक्तपिशाच कसा दिसतो हे अजिबात ठरवू नका. तुमच्या बिल्डिंगमधल्या, शाळेतल्या, क्लासच्या जिन्यावरच्या पोरांना विचारा की इथे रात्री कुठे जायचं नाही आणि का. लहानपणी आमच्याकडे पाण्याच्या टाकीखाली हडळ होती, मागच्या पिंपळावर मुंजा होता आणि हाकामारीने रात्री नाव घेऊन हाक मारली तर ओ द्यायची नाही हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. बेंगळुरूमध्ये १९९०च्या दशकात लोकांनी दारांवर कन्नडमध्ये 'उद्या ये' असं लिहून ठेवलं होतं, दार वाजवणाऱ्या चेटकिणीने ते वाचावं आणि रोज परत जावं म्हणून. अशी अफवा कधीच मोकळी येत नाही हे लक्षात घ्या, तिच्यासोबत एक जागा येते, एक वेळ येते आणि एक उपाय येतो. वहीत तेच तीन रकाने करा.

आठवड्याने वही वाचताना एक प्रश्न विचारायचा, या अफवेने मोठ्यांची कुठली भीती झाकलीय? टाकीखालची हडळ म्हणजे टाकीत पोर पडू नये ही भीती होती. गिरणगावात आजची भीती कसली आहे, तर घर जाण्याची. चाळ अर्धी रिकामी, रिडेव्हलपमेंटची बोलणी, कोण सही करणार कोण नाही. तुमचा रक्तपिशाच या भीतीतनंच यायला हवा. नुसता दात दाखवून घाबरवणारा असेल तर दुसऱ्या भागात वाचक जांभया देईल.

दुसरं काम: प्रेताचा प्रश्न सोडवा

हे कुणी करत नाही आणि म्हणून गोष्ट तिथेच खचते. युरोपातला व्हॅम्पायर म्हणजे पुरलेलं प्रेत, जे कबरीतून उठतं. १७२५ला सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटर ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला, त्यानंतर आठ दिवसांत गावातली नऊ माणसं गेली, लोकांनी कबर उघडली तर प्रेत ताजं दिसलं, तोंडाशी रक्त. ऑस्ट्रियाच्या राजवटीतला एक अधिकारी तिथे हजर होता, त्याचा रिपोर्ट व्हिएन्नाच्या पेपरात छापून आला आणि तिथून ही गोष्ट युरोपभर पसरली. आज आपल्याला माहितीय की प्रेतात वायू साठून ते फुगतं, आतला काळपट द्रव नाकातोंडातून बाहेर येतो, कातडी आकसल्यामुळे नखं वाढल्यासारखी दिसतात. टोळीतल्या एका तरी पोराला हे माहीत असू द्या, फार उपयोगी पडतं.

पण आपल्याकडे बहुतेक घरांत दहन होतं. मग उठणार काय? म्हणून तर आपली भुतं बिनशरीराची, झाडावर बसणारी, अंगात येणारी. शरीर वापरणारा आपल्याकडे एकच मोठा, वेताळ, आणि तोही स्वतःचं नाही, स्मशानातल्या दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो. १८७०ला रिचर्ड बर्टनने वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा त्याने वेताळाला सरळ व्हॅम्पायर म्हटलं आणि तो गोंधळ अजून चालू आहे. कोकणात मात्र वेताळ म्हणजे राखणदार. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. लाखो माणसांच्या श्रद्धेची ही देवता आहे, तिला व्हिलन करू नका, पोरांना तिच्याशी लढवू नका. कोकणातनं आलेल्या आजीच्या बोलण्यात ती येऊ द्या, तेवढंच पुरे आणि तेवढंच सुंदर दिसेल.

मग तुमच्यापुढे दोन रस्ते उरतात. एक तर पुरलेला माणूस घ्यायचा, पण मग मुंबईत तुम्ही आपोआप दुसऱ्या कुणाच्या तरी कब्रस्तानात जाता आणि एका समाजाची दफनभूमी म्हणजे राक्षसांची वस्ती असं चित्र उभं राहतं, हे मला स्वतःला पटत नाही आणि गरजही नाही. दुसरा रस्ता म्हणजे ज्याचं दहन राहूनच गेलं असा माणूस. माझ्या उदाहरणात तो गिरणीतला जॉबर आहे. जॉबर म्हणजे गावाकडनं माणसं आणून कामाला लावणारा, त्याबद्दल त्यांच्याकडनं दस्तुरी खाणारा, कुणाला उद्या काम मिळेल आणि कुणाला नाही हे त्याच्या हातात. असा एक जॉबर नव्वद वर्षांपूर्वी गिरणीच्या विहिरीत पडला, कुणी शोधलाच नाही. आता विहीर बुजवायला खोदकाम सुरू झालंय. आणि तो आज चाळीत येतो ते संमतीपत्रांवर सह्या गोळा करणारा माणूस म्हणून. लोकांकडनं काढून घेणं हेच त्याचं आयुष्यभराचं काम होतं, तेच तो मेल्यावरही करतोय, फक्त आता रक्त काढतो.

तिसरं काम: नियम, आणि ते पाचाच्या वर नकोत

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. शहरी फँटसी, म्हणजे आजच्या शहरात घडणारी अद्भुत गोष्ट, टिकते ती नियमांवर आणि नियम तुमच्या घरातले असले तर वाचक ते विसरत नाही. प्रत्येक जुना नियम घ्यायचा आणि त्याला आपल्या घरातनं फिरवून आणायचा, बघायचं काय होतं.

लसूण घेऊ. मराठी स्वयंपाकघरात लसूण फोडणीत, चटणीत, ठेच्यात. लसणीने रक्तपिशाच पळत असेल तर तो चाळीच्या पहिल्या मजल्यावरच अडकेल आणि तुमची गोष्ट संपेल. मी हा नियम सोडूनच देणार होते. मग आठवलं की कितीतरी घरांत चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो! आषाढात कांदेनवमीला कांद्याची भजी, थालीपीठं करून शेवटचं खाऊन घ्यायचं आणि मग कार्तिकी एकादशीपर्यंत नाही. म्हणजे तुमच्या रक्तपिशाचाचा मोसम ठरला. कांदेनवमीच्या रात्री चाळीत भज्यांचा वास सुटलाय, पोरं खूश आहेत आणि विहिरीजवळ कुणीतरी वाट बघत उभा आहे. शिवाय पावसाळा, दिवसाही ऊन नाही. एका नियमातनं तारीख, हवा, जेवण सगळं मिळालं. आणि जे पाळत नाहीत त्यांची घरं सुरक्षित, ज्या आजी नेमाने पाळतात त्याच धोक्यात, हा केवढा मोठा पेच आहे बघा, कारण कुठलं पोर आजीला सांगणार की तुझा नेम मोड?

उन्हाचं काय? उन्हाने व्हॅम्पायर जळून मरतो हे जुन्या लोककथांमधनं आलेलं नाही, ते सिनेमाने रुजवलं, १९२०च्या दशकातल्या मूकपटापासून. १८९७च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत तो दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याची ताकद कमी असते. मी तेच घेईन, कारण सह्या गोळा करायला त्याला दिवसा यावं लागतं.

बिया मोजण्याचा नियम मला फार आवडतो. युरोपात कबरीवर, वाटेवर खसखस किंवा बारीक धान्य टाकायचे, व्हॅम्पायरला ते दाणे मोजल्याशिवाय पुढे जाता येत नाही म्हणून. आपल्याकडे मोहरी आहेच, दृष्ट काढताना मीठ-मोहरी ओवाळतोच. तर उंबरठ्यावर मोहरी. पण नुसतं लिहून मोकळे होऊ नका, एक चमचा मोहरी ताटात ओता आणि घड्याळ लावून खरंच मोजा. तुम्हाला कळेल किती वेळ लागतो, डोळे कसे दुखतात, शंभरानंतर आकडा कसा चुकतो आणि परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं. तुमच्या पोरांकडे पळायला तेवढाच वेळ आहे. हा आकडा वहीत लिहून ठेवा आणि पूर्ण मालिकेत तो बदलू नका.

आणि आता उंबरठा. बोलावल्याशिवाय व्हॅम्पायर घरात येऊ शकत नाही हा नियम सगळ्यांना माहीत असतो. चाळीत दारं दिवसभर उघडी, तरी बोलावणं म्हणजे नेमकं काय? यावर मी बरेच दिवस अडले होते आणि उत्तर आपल्याच भाषेत निघालं. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, अशुभ मानतात, आपण 'येतो' म्हणतो. आणि घरातलं माणूस काय म्हणतं? 'या.' झालं! निरोप देता देता आजीने त्याला आमंत्रण दिलं. त्याला फक्त एकदा दाराबाहेर उभं राहून दोन गोड शब्द बोलायचे आणि 'येतो' म्हणून वळायचं, बाकी काम आपलं वळण, आपला शिष्टाचार करतो. असा नियम सापडला की समजायचं मालिका उभी राहिली. तुमच्या बोलीत, तुमच्या घरात असंच काहीतरी असणार, ते शोधा.

पाचवा नियम मुद्दाम खोटा ठेवा. पोरांचा ज्यावर सगळ्यात जास्त विश्वास आहे तोच खोटा. माझ्याकडे तो फोनचा आहे, व्हॅम्पायर आरशात दिसत नाही हा जुना नियम, म्हणून पोरांना वाटतं सेल्फी कॅमेऱ्यातही तो दिसणार नाही. जुन्या आरशांच्या मागे चांदीचा थर असायचा, फोनमध्ये चांदीचा आरसा कुठून येणार, त्यामुळे तो फोटोत व्यवस्थित दिसतो, हसताना दिसतो, आणि म्हणून पोरं आठवडाभर त्याला साधा माणूस समजतात.

चौथं काम: टोळी

चार पोरं पुरतात. पाचवं आलं की संवादात कोण बोलतंय ते सांगत बसावं लागतं. प्रत्येकाचं वय, यत्ता, घरी परत यायची वेळ, खिशातले पैसे आणि फोन आहे की नाही हे एका पानावर लिहा. हे कंटाळवाणं वाटेल पण शिकारीचे सगळे पेच इथनंच येतात. माझी मिताली पंधराची, दहावीला, संध्याकाळी सहा ते नऊ क्लास. म्हणजे अंधार पडतो तेव्हा टोळीची लीडर मोकळीच नाही. सोहम तेराचा, गोविंदा पथकात सगळ्यात वर चढणारा होता, पण चौदाच्या आतल्या मुलांना थरांवर घेता येत नाही म्हणून आता खाली उभा राहून नुसतं बघतो आणि आतल्या आत धुमसतो. तो पाइप धरून तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो हे दहाव्या भागात वाचकाला खरं वाटतं, कारण पहिल्या भागात तुम्ही हे धुमसणं दाखवलंय. आफ्रीन चौदाची, शेजारच्या चाळीतली, तिची आई केईएम हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, त्यामुळे अ‍ॅनिमिया, हिमोग्लोबिन, रक्ताच्या पिशव्या हे शब्द तिच्या घरचे आहेत. आणि बंटी, आठ वर्षांचा, मितालीचा भाऊ, ज्याला कुणी न्यायला तयार नसतं आणि जो सगळं आधी बघतो.

निवडलेली, जन्मतःच शक्ती असलेली नायिका करू नका असं माझं ठाम मत आहे. गॉर्बल्सच्या शेकडो पोरांपैकी कुणालाही कुणी निवडलं नव्हतं. ती गेली, कारण मोठी माणसं जात नव्हती.

आणि हेच टोळीचं मूळ कारण आहे, मोठे का जात नाहीत याचं उत्तर नीट द्या. 'मोठ्यांना विश्वासच बसत नाही' एवढ्यावर भागवू नका. एका बापाला कळलंय पण त्याने सही करून पैसे घेतलेत. एक आजी सगळं जाणून आहे पण तिला वाटतं बोललं तर येईल. पोलीस चौकीतला हवालदार चांगला माणूस आहे, पोरांना चहा-बिस्कीट देऊन घरी पोचवतो आणि त्यानेच घोटाळा होतो. प्रत्येक मोठ्या माणसाला न जाण्याचं त्याचं स्वतःचं कारण हवं, आणि ते ऐकून वाचकाला 'हो, मीही असंच केलं असतं' असं वाटायला हवं.

पाचवं काम: पायी फिरा

दोन किलोमीटरच्या आतला भाग घ्या, त्यापेक्षा मोठा नको. स्वतः चाला, घड्याळ लावून. चाळीपासून स्टेशनच्या पुलापर्यंत किती मिनिटं, पळत किती, पावसात पाणी साचल्यावर किती. कुठल्या गल्लीत रात्री कुत्री असतात, कुठला दिवा बंद आहे, वडापावची गाडी किती वाजता उठते. मुंबईत रात्री साधारण एक ते चार लोकल बंद असतात आणि शहर खरं शांत होतं ते तेवढाच वेळ, तुमच्या जॉबरची मोठी कामं त्यातच. पण लालबागला गणपतीचे दहा दिवस रात्र नावाची गोष्टच नसते, रस्ते पहाटेपर्यंत माणसांनी भरलेले, मग तो काय करेल? उपाशी राहील की गर्दीत सामील होईल? हे मी सांगत नाही, तुमच्या गोष्टीतला मोठा भाग तिथे असणार आहे. मुली असतील तर रात्री एकटीने फिरू नका, दिवसा फिरून घ्या आणि रात्रीचं दुकानदारांना, वॉचमनकाकांना विचारा, ते भरभरून सांगतात.

सहावं काम: हत्यारं

घरात जे आहे तेच. टॉर्च, शिट्टी, सायकलची चेन, नारळ सोलायचं अवजार, मोहरीची पुडी, कपडे वाळत घालायची काठी. प्रत्येक वस्तू घरातनं गेली की घरात ती सापडत नाही हे विसरू नका, आई विचारणारच की मोहरी संपली कशी, परवाच आणलेली. मोठं हत्यार जितकं सोपं तितका गोष्टीचा जीव कमी. आणि पोराच्या हातात कोयता देणार असाल तर थांबा. पुण्यात अल्पवयीन मुलांनी कोयते नाचवल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामुळे कोयता आता शेतातलं साधं अवजार म्हणून वाचला जात नाही. तो चमकवून दाखवायचा मोह टाळा.

सातवं काम: पोरांना एकदा चुकू द्या

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि यासाठी एक खरी गोष्ट सांगते. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एक्सेटर गावात मर्सी ब्राउन नावाची एकोणीस वर्षांची मुलगी जानेवारी १८९२ला क्षयाने गेली. त्याआधी तिची आई आणि थोरली बहीण गेलेल्या, आणि आता भाऊ एडविन आजारी. गावकऱ्यांना वाटलं या तिघींपैकी कुणीतरी कबरीतून त्याला शोषतंय. १७ मार्चला कबरी उघडल्या, मर्सीचं प्रेत ताजं दिसलं, दिसणारच, थंडीत जमिनीवरच्या दगडी खोलीत ठेवलेलं होतं. तिचं काळीज काढून जाळलं आणि ती राख पाण्यात कालवून एडविनला पाजली. दोन महिन्यांच्या आत तोही गेला. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२लाच दाखवून दिला होता, दहा वर्षं आधी. ते त्या गावापर्यंत पोचलं नव्हतं किंवा पोचूनही उपयोग झाला नव्हता.

ती माणसं दुष्ट नव्हती, आपलं पोर वाचवत होती. तुमची टोळीही तशीच चुकली पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या भागात त्यांचा संशय चुकीच्या माणसावर जाऊ द्या, चाळीत एकटी राहणारी, रात्री उशिरा येणारी, कुणाशी न बोलणारी बाई. पोरं तिच्या दारात मोहरी टाकतात, अफवा पसरते, मोठी माणसंही मग तिच्याकडे वेगळं बघायला लागतात, कुणीतरी तिचं पाणी बंद करतं. आपल्याकडे बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, हे गोष्टीतलं नाही, खरं आहे, आणि म्हणूनच महाराष्ट्रात २०१३ला जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यामुळे इथे हलक्या हाताने जाऊ नका. बाई निर्दोष आहे हे कळल्यावर पोरांना तिच्यासमोर उभं करा. माफी मागताना मिताली काय बोलेल ते लिहायला मला तीन दिवस लागले. शेवटी ती काहीच बोलत नाही, उंबरठ्यावर बसून एकेक मोहरी वेचते.

एक सीन करून बघू

वरचं सगळं एका प्रसंगात कसं उतरतं ते दाखवते. सूत्र असं की आधी रोजचं काहीतरी चालू असू द्या, त्यात नियम लपवा आणि धोका सगळ्यात लहान पोराला दिसू द्या.

'आजी गॅलरीत शेंगा सोलत बसली होती. फाइल घेतलेला माणूस दाराशी उभा होता, चपला काढून, अगदी सभ्यपणे. बंटीने बघितलं, बाहेर एवढा पाऊस होता तरी त्याचे पाय कोरडे होते.

"घाई नाही आजी. वाचा, मुलाला दाखवा. सही नंतर."

"चहा तरी घ्या."

"नको, आत नाही येत. उपास आहे माझा." तो हसला. "बरं, येतो मी."

मिताली जिना चढत होती. तिने वरून आवाज ऐकला आणि दप्तर तिथेच टाकून धावली. दोन पायऱ्या एकदम, मग तीन.

"आजी, बोलू नको! आजी, काही बोलू नको त्याला!"

आजीने मान वर केली, ओल्या हाताने चष्मा सावरला आणि साठ वर्षं ज्या आवाजात पाहुण्यांना निरोप दिला त्याच आवाजात म्हणाली, "या हं."'

यात दात नाहीत, रक्त नाही. ज्याला नियम माहीत आहे त्याच्या अंगावर काटा येतो, ज्याला माहीत नाही तो मितालीच्या ओरडण्याने सावध होतो. असा प्रसंग लिहून झाला की मोठ्याने वाचा. बोलताना अडखळलात तर वाक्य बदला. पोरांच्या तोंडी 'रक्तपिशाच' हा शब्द शक्यतो येऊ देऊ नका, तो लेखकाचा शब्द आहे. पोरं नाव ठेवतात. बंटी त्याला 'कोरडा' म्हणतो, पायांवरून, आणि मग पूर्ण टोळी तेच म्हणते.

आठवं काम: मालिकेचा आराखडा

एक पर्व म्हणजे एक चातुर्मास. आठ ते दहा भाग, प्रत्येक भाग दीड ते दोन हजार शब्दांचा, फोनवर एका बैठकीत वाचून होतो. कांदेनवमी, नागपंचमी, दहीहंडी, गणपती, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी, कार्तिकी एकादशी, हे खांब आयते मिळालेत, त्यांच्यामध्ये गोष्ट ताणा. पितृपक्षाचा भाग सांभाळून लिहा, ज्याचं दहनच झालं नाही त्याला जेवायला कुणी बोलावलं नाही, म्हणून जॉबरबद्दल थोडं वाईट वाटलं तर तिथे वाटेल. तुळशीचं लग्न झालं की घराघरात लसूण परत येतो आणि तो विहिरीकडे मागे हटतो. पुढच्या पर्वात पोरं एक वर्षाने मोठी. मितालीची दहावी झालेली, ती कदाचित दुसऱ्या कॉलेजात, सोहम चौदाचा होऊन थरांवर परत गेलेला आणि शिकारीला यायला त्याला आता वेळ नाही. बंटी मोठा होतोय हे तर सगळ्यात जास्त दुखतं. तीन पर्वांच्या वर नेऊ नका, तोवर चाळच पडलेली असेल.

प्रत्येक पर्वात एक नियम नव्याने कळू द्या, पण आधीचा मोडू नका. मोडायचा असेल तर त्याची चाहूल निदान दोन भाग आधी कुठेतरी ठेवलेली हवी. यासाठी एक वेगळी वही करा, टोळीचीच वही आहे असं समजून मितालीच्या अक्षरात लिहा, तारीख, कोण दिसलं, किती वाजता, काय काम केलं, काय नाही केलं. किसिल्येवोच्या त्या अधिकाऱ्याने जसा रिपोर्ट लिहिला तसा कोरडा. लिहिताना अडकलात की ही वही उघडा, पुढचा प्रसंग बहुतेक वेळा तिथे पडलेला असतो.

शेवटचं, पहिला भाग पूर्ण झाला की तो मोठ्यांना दाखवायच्या आधी तेरा-चौदा वर्षांच्या दोन पोरांना वाचायला द्या. आवडला का विचारू नका, 'हो' म्हणतील. विचारा की तू असतास तर त्या रात्री कुठल्या दाराने पळाला असतास. त्याने लगेच उत्तर दिलं, वर हातवारे करून जिना कुठे, गॅलरी कुठे ते दाखवायला लागला, तर दुसरा भाग लिहायला घ्या. आणि त्याच्या घरातनं निघताना त्याच्या आजीला काय म्हणताय आणि ती काय म्हणतेय तिकडे कान ठेवा.